लोजबानचे उच्चार मराठी जिभेवर बसवताना

लोजबान ही तर्कशास्त्राच्या आधारे मुद्दाम रचलेली कृत्रिम भाषा शिकायला घेतली तेव्हा व्याकरणाआधी उच्चार पक्के करायचे, असे मी ठरवले. बोललेले वाक्य नुसते ऐकून त्यातले शब्द एकाच रीतीने सुटे करता आले पाहिजेत, ही या भाषेच्या रचनेतली मूळ अट आहे. त्यामुळे उच्चार सैल राहिला तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येण्याचा संभव असतो. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लॉगलॅन या कृत्रिम भाषेचे काम आरंभले आणि तिच्यातूनच १९८७ मध्ये लोजबान निघाली. तिचे उच्चारनियम जॉन कोवन यांच्या १९९७ च्या ग्रंथात सविस्तर दिलेले आहेत. मुंबईत ही भाषा बोलणारे माझ्या ओळखीत कोणी नसल्यामुळे तो ग्रंथ, फोनवरचे ध्वनिमुद्रण आणि आपली वर्णमाला एवढ्यावरच मला काम भागवावे लागले.

त्यातली सर्वाधिक मदत वर्णमालेची झाली. लोजबान रोमन लिपीत लिहितात, आणि रोमन अक्षर दिसले की आपल्या तोंडून शाळेतले इंग्रजी बाहेर पडते. टी दिसला की आपण ट म्हणतो, पण लोजबानमध्ये दंत्य त चालतो. सी हे अक्षर तिथे श आहे. ए कुठेही आला तरी तो आ असतो, आणि ऱ्हस्व अ साठी वाय हे स्वतंत्र अक्षर दिलेले आहे. म्हणून ‘येणे-जाणे’ या अर्थाचा शब्द क्लामा असाच म्हणायचा, त्याचे क्लमा होता कामा नये. मी वहीत १७ व्यंजने आणि ६ स्वर देवनागरीत, स्थान आणि प्रयत्न यांच्या क्रमाने मांडले आणि रोमन तक्ता काही काळ बाजूला ठेवला. महाप्राण-अल्पप्राण भेद नाही, मूर्धन्य वर्ग नाही, ळ नाही. आपल्याला जोडाक्षरांची सवय असल्यामुळे म्लातु म्हणजे मांजर किंवा ज़्दानि म्हणजे घर, असल्या सुरुवातीही जड गेल्या नाहीत. शब्दारंभी चालणाऱ्या व्यंजनजोड्या ४८ आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ आपल्या कानाला ओळखीच्या वाटतात.

मराठी माणसाला इथे आणखी एक मोठा लाभ आहे, आणि तो कोणी सांगत नाही याचे मला नवल वाटते. ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चाक’मधला दंततालव्य च, तसेच ‘जीभ’मधला ज आणि ‘जुना’मधला ज, हे चारही ध्वनी लोजबानमध्ये जोडव्यंजने म्हणून येतात आणि वेगवेगळे लिहिले जातात. चादु म्हणजे शहर, त्सानि म्हणजे आकाश. ही जोडी मला मुद्दाम शिकावीच लागली नाही.

कष्ट पडले ते शुद्ध घर्षकांसाठी, म्हणजे जीभ कुठेही न टेकवता हवा घासून काढायच्या ध्वनींसाठी. लोजबानमधला झेड हा ‘जुना’मधला ज नव्हे, त्यात जीभ दातामागे क्षणभरही टेकत नाही. त्याचप्रमाणे जे हे अक्षर म्हणजे ‘जीभ’मधला ज नसून श चा घोष, म्हणजे गळ्यात कंप होऊन निघणारा, जोडीदार आहे, आणि तो मराठीत स्वतंत्र वर्ण म्हणून नाहीच. यावर मी एकच उपाय केला आणि तो लागू पडला. गळ्यावर दोन बोटे ठेवायची, स लांबवत राहायचे आणि जीभ जिथे आहे तिथेच ठेवून मध्येच घोष सुरू करायचा. बोटांना कंप जाणवला की तोच ज़. श लांबवून हेच केले की दुसरा ध्वनी मिळतो. मी वहीत तो झ़ असा लिहितो; भाषेच्या नावातही तोच आहे, तेव्हा काटेकोर उच्चार लोझ़बान असा होतो. गिरगावातल्या आमच्या घरी रस्त्याचा आवाज सतत असल्यामुळे ध्वनिमुद्रण पहाटे करावे लागे. दिवसाच्या मुद्रणात ज़ आणि झ़ यांतला फरक रहदारीत बुडून जाई.

एक्स हे अक्षर ख़ साठी आहे. यासाठी नागपाड्याचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना कचेरीत सगळे चाचा म्हणतात, ते जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसले. ‘ख़बर’ आणि ‘ख़ाली’ हे शब्द त्यांनी माझ्याकडून सावकाश म्हणवून घेतले, आणि जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटू न देता फक्त हवा घासून जाऊ द्या, असे सांगितले. ख़ामसि म्हणजे समुद्र, हा शब्द त्यांच्यासमोर नीट उमटला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

दोन स्वरांमधला अपॉस्ट्रॉफी म्हणजे ह. आपला ह घोष असतो, शिवाय घाईत ‘आहे’मधला ह आपण जवळजवळ गिळतो. लोजबानमध्ये तो अघोष आणि स्पष्ट हवा, कारण आइ हा निश्चय दाखवणारा शब्द आहे आणि आहि हा प्रयत्न दाखवणारा. ह गळला की एकाचा दुसरा होतो.

आघाताचे, म्हणजे शब्दातल्या एखाद्या भागावर जोर देण्याचे, शिक्षण मात्र पायापासून घ्यावे लागले, कारण मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही आणि त्याकडे आपले लक्षही नसते. लोजबानच्या मुख्य शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर) येतो, आणि अ चा अवयव मोजणीत धरत नाहीत. म्हणून लोबप्लि हा शब्द लो-ब-प्लि असा असूनही जोर लो वर पडतो. आघातानंतर शब्द कुठे संपला हे ऐकणाऱ्याला याच नियमावरून कळते. मी प्रत्येक वाक्यात आघाताचा अवयव लाल शाईने अधोरेखित करून मोठ्याने वाचत गेलो, आणि हळूहळू अधोरेखनाची गरज संपली.

विशेषनामे व्यंजनान्त असावी लागतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना विराम घ्यावा लागतो. मुंबईचे नाव घेताना मी शेवटी स जोडून मुम्बाइस असे म्हणतो. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधीही विराम सक्तीचा आहे. ‘आणि आता’ हे आपण एका दमात म्हणतो, त्यामुळे प्रत्येक स्वरापुढे श्वास तोडणे जिभेला अजून नैसर्गिक वाटत नाही. सध्या पहाटेच्या वाचनात मी केवळ या विरामांचाच सराव करतो आहे.