चिगुसाचे केस

“जपानी बायकांची ही नुरा कुस्ती काय बघत बसता? निकाल तर आधीच ठरलेला असतो ना?” हे मला सासरी, माहेरी सगळीकडे विचारून झालंय. परवा शेजारच्या काकांनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काका. हो, निकाल ठरलेला असतो. पण मी बघते ती चिगुसा नागायोसाठी, आणि तिचे केस खरे होते.

२८ ऑगस्ट १९८५, ओसाका-जो हॉल. हरणारीचं मुंडण, अशी पैज. एका बाजूला चिगुसा, समोर तोंड रंगवलेली, साखळी घेऊन येणारी डंप मात्सुमोतो. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुली, कारण चिगुसा आणि लायनेस आसुका यांची ‘क्रश गॅल्स’ ही जोडी तेव्हा मुलींच्या गळ्यातला ताईत होती. दोघी कुस्तीही खेळायच्या आणि गाणीही गायच्या. त्या रात्री चिगुसा रक्तबंबाळ होऊन हरली आणि रिंगमध्येच तिचे केस उतरवले. मुली किंचाळत होत्या, हमसून हमसून रडत होत्या. फुजी टीव्हीमुळे हे घराघरांत दिसलं.

ते जुनं चित्रीकरण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी पणजी आठवली. तिला मी फक्त फोटोत पाहिलंय, आलवणातली. बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो तेव्हा काय होतं, ते आपल्या घरांना कुणी शिकवायला नको. पणजीला कुणी विचारलं नव्हतं. चिगुसा मात्र स्वतःच्या पायांनी रिंगमध्ये चढली होती. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तरीही ते केस पडताना माझ्या पोटात कालवतंच.

खरी गोष्ट पुढे आहे. चिगुसा नागासाकीजवळच्या ओमुराची. लहानपणी कराटे शिकलेली. १९८० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ती ‘झेन्जो’त, म्हणजे ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंगमध्ये उतरली. डंपही त्याच वर्षीची. जिने तिला भादरलं ती तिच्याच तुकडीतली मुलगी. दोघी एकाच तालमीत घाम गाळून वर आलेल्या. चिगुसाच्या मुंडणाच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, डंपचंही मुंडण झालं.

झेन्जोचे नियम कडक: दारू नाही, सिगारेट नाही, पुरुष नाही. आणि पंचविशी-सव्विशी गाठली की निवृत्ती. लिहिलेला कायदा असो नसो, चाल तीच होती. सबंध देशाला वेड लावणारी चिगुसा १९८९ मध्ये, पंचविशीही पूर्ण व्हायच्या आत, बाहेर पडली. काका, निकाल ठरलेला असतो म्हणता, तर हा घ्या. हाही ठरलेलाच होता, आणि यात खोटं काहीच नव्हतं. मला त्या मुंडणापेक्षा याचाच राग जास्त येतो.

तो निकाल तिने मानला नाही. १९९३ मध्ये ती परतली आणि १९९४ मध्ये तिने स्वतःची कुस्ती संस्था काढली, गेआ जपान. एप्रिल १९९५ मध्ये तिच्या हाताखाली तयार झालेली मेइको सातोमुरा पहिल्यांदा रिंगमध्ये आली. वय तेच, पंधरा. पण मेइकोला सव्विशीत घरी बसावं लागलं नाही. तिने सेंदाईमध्ये स्वतःची संस्था उभी केली, चाळिशी ओलांडल्यावर, २०२१ मध्ये, ब्रिटनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या एनएक्सटी यूके या शाखेचं विजेतेपद जिंकलं आणि २०२५ मध्ये, तीस वर्षं खेळून, निवृत्त झाली. स्वतः ठरवून. मी तिच्या लढती बघते तेव्हा मला प्रत्येक लाथेमागे चिगुसा दिसते.

काकांना मी शेवटी आणखी एक प्रसंग सांगितला. नोव्हेंबर २०१८. साप्पोरोत एक माणूस एका बाईला मारत होता. पन्नाशी ओलांडलेली चिगुसा मध्ये पडली. त्याने तिचे केस धरून ओढले. ज्या हातांनी तिने आयुष्यभर हजारो लोकांसमोर फटके मारले, ते हात तिने त्याच्यावर उगारले नाहीत. केस त्याच्या मुठीत, आणि ती त्या बाईसाठी तिथेच उभी.