तीन नद्या, पंधरा स्तोत्रं: सावंतवाडी ते जुने गोवे पायी

सावंतवाडीच्या मिलाग्रिस कॅथेड्रलच्या दारातून निघून जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेपर्यंत चालत गेलं, तर साधारण ७० किलोमीटर भरतात. आम्ही त्याला तीन दिवस घेतो. ३० नोव्हेंबरला पहाटे निघायचं आणि २ डिसेंबरला, म्हणजे नोव्हेनाच्या (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) शेवटच्या दिवशी, पोचायचं. ३ डिसेंबर हे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण; त्याचं शव याच बॅसिलिकेत आहे. आषाढीच्या पालख्या दशमीलाच पंढरपुरात दाखल होतात, तसंच हे. फेस्ताच्या सकाळी पोचणाऱ्याची सगळी ताकद रांगेतच संपते.

वाटेत तीन नद्या लागतात: बांद्याला तेरेखोल, कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी. आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही १५ स्तोत्रं आहेत, यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. दिवसाला पाच धरली की तीन दिवसांत बरोबर संपतात. या वाटेवर ती कुठे कुठे लागू पडतात ते चालल्याशिवाय कळत नाही.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी. एका दिवशी २० किलोमीटर चाललो, आता झालं, असं समजू नये. शनिवारी १५ आणि रविवारी पुन्हा १५ चालून बघावं, कारण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. बूट निदान १०० किलोमीटर वापरलेले हवेत आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे. दुपारपर्यंत पाय सुजतातच. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते आणि फोड येतात. खेळाडूंचे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे, तीन जोड. पाठीवरचं ओझं पाच किलोच्या आत ठेवावं: दोन कपडे, चादर, टॉर्च, दीड लिटर पाणी, पेट्रोलियम जेली, चिकटपट्टी, सुई, जंतुनाशक, जीवनक्षाराची (ओआरएसची) पाकिटं. नवा करार आणि स्तोत्रसंहिता असलेली खिशातली प्रत पुरते. अख्खं पवित्र शास्त्र घेऊन निघणारे उत्साही लोक दरवर्षी असतात, आणि पहिल्याच थांब्यावर ते शास्त्र सोबतच्या टेम्पोत जातं.

रात्रीच्या मुक्कामासाठी वाटेवरच्या पॅरिशला (स्थानिक चर्चला) किंवा शाळेला महिनाभर आधी विचारावं. १५ जणांपर्यंतच्या गटाला सभागृह किंवा व्हरांडा मिळणं अवघड नसतं. ४० जण झाले की शौचालयांपासून सगळंच बिनसतं.

पहिल्या दिवशी चारला निघतो. त्या दिवसांत सूर्य साडेसहानंतर उगवतो, म्हणजे अडीच तास अंधार. सगळ्यांच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, शेवटच्या माणसाच्या पाठीवर लाल दिवा, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशी रस्त्याची उजवी कड. पुढे हलका लाकडी क्रूस असतो; तो दर किलोमीटरला हात बदलतो. ५० मिनिटं चालायचं, १० मिनिटं बसायचं आणि बसल्यावर बूट काढायचेच. जपमाळेची पाच रहस्यं, म्हणजे एक अख्खी माळ, चालत म्हणायला २० मिनिटं लागतात, तेवढ्यात सुमारे दीड किलोमीटर होतो. कोणी ‘अजून किती’ विचारलं तर उत्तर किलोमीटरमध्ये देत नाही, ‘दोन माळा’ म्हणतो. ऐकायला ते कमी वाटतं.

इन्सुली घाटाचा उतार फसवा आहे. चढ नाही म्हणून पाय सुटतात, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि संध्याकाळी नख काळं पडतं. नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापावीत, आणि उतारावर नाडी घोट्याशी घट्ट बांधावी, म्हणजे टाच मागे बसते. १२१वं स्तोत्र आम्ही इथेच म्हणतो, डोंगराकडे डोळे लावून. तो तुझा पाय ढळू देणार नाही, असं त्यात आहे. नाडी मात्र आपली आपणच बांधायची.

बांद्याला तेरेखोल ओलांडली की पत्रादेवी. १९५५च्या १५ ऑगस्टला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे गोळ्या झेलल्या. हुतात्मा स्मारकापाशी माळ थांबते, थोडा वेळ कोणी बोलत नाही. पहिला मुक्काम इथेच आसपास, २० किलोमीटरच्या आतबाहेर.

दुसरा दिवस सर्वांत वाईट. धारगळ, कोलवाळ करत म्हापशापर्यंत २५ किलोमीटरच्या वर चाल आहे. महामार्ग चौपदरी झाल्यापासून सावली गेली. शक्य तिथे सेवा रस्ता धरावा. पोटऱ्या दगड झालेल्या असतात. पहिली २० मिनिटं मुद्दाम हळू चाललं की त्या सुटतात. सुरुवातीलाच जोर लावणारा दहा वाजेपर्यंत लंगडतो. गटातल्या सर्वांत हळू माणसाला पुढे ठेवावं. तो मागे राहिला की विश्रांती इतरांना मिळते. हा पोचेपर्यंत ते उठलेले असतात.

फोड आला तर कातडी काढायची नाही. जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला दोन छिद्रं पाडून पाणी दाबून काढायचं, कातडी तशीच ठेवून वर पट्टी लावायची. मधुमेह असेल तर हेही करू नये, फक्त झाकावं आणि डॉक्टरांना दाखवावं. जीवनक्षाराचं पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण टाकावं. अर्ध्या लिटरमध्ये ‘कडक’ करून पिणाऱ्यांना उलटी होते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. खाण्यात उकड्या तांदळाची पेज, लोणचं, केळी, गूळ-शेंगदाणे. वेदनाशामक गोळी घेऊन चालू नये: रिकाम्या पोटी ती त्रास देते आणि दुखणं झाकते.

अकराच्या सुमाराला भांडणं सुरू होतात. रस्ता कोणी निवडला, पाणी कोणी संपवलं, असली. त्यावर उपाय म्हणजे मौनाचा एक तास. तो आधीच वेळापत्रकात असतो, म्हणून कोणाला शिक्षा वाटत नाही. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल क्रम सांगतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आपल्याला आशेपासून सुरुवात करायची घाई असते. धीरासाठी त्याचा मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोनी, शब्दशः ‘खाली टिकून राहणं’. पाठीवर पिशवी आणि डोक्यावर कोलवाळचं ऊन असताना या शब्दाचं वेगळं निरूपण लागत नाही. १२९व्या स्तोत्रात नांगरणारे पाठीवर लांब तासं ओढतात. दुसऱ्या संध्याकाळी पिशवीच्या पट्ट्यांचे वळ बघून ते कोणीतरी म्हणतंच.

टेम्पोत कधी बसायचं, हे निघण्यापूर्वी ठरवून टाकावं, कारण त्या वेळी डोकं नीट चालत नाही. नडगीच्या हाडावर एकाच बिंदूला दुखणं, लघवी गडद आणि थोडी होणं, चक्कर, उन्हात घाम थांबणं, बोलण्यात गोंधळ. यातलं एक दिसलं तरी चालणं बंद. शेवटच्या दोन खुणांना टेम्पोत नुसतं बसवून भागत नाही, अंग ओलं करत थेट दवाखाना गाठावा. बसणाऱ्याला अपराधी वाटतं. त्याला आम्ही झेवियरची तारीख सांगतो. हा माणूस ७ एप्रिल १५४१ला, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, लिस्बनहून निघाला आणि ६ मे १५४२ला गोव्यात उतरला, १३ महिन्यांनी. पुढे चीनला जायचं म्हणून किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर तो एका चिनी व्यापाऱ्याच्या होडीची वाट बघत राहिला. होडी आलीच नाही. ३ डिसेंबर १५५२ला तो तिथेच तापाने गेला, ४६व्या वर्षी, चीनची मुख्यभूमी जवळ असताना. म्हणजे आपण ज्या दिवसाचं फेस्त करतो, तो त्याच्या न पोचण्याचा दिवस आहे.

म्हापशातही मिलाग्रिसचंच चर्च. या सायबिणीला, म्हणजे मरिया मातेला, हिंदू लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला तेल वाहायला येतात.

तिसऱ्या दिवशी गिरी, पर्वरी आणि मग मांडवीकडे उतार. अटल सेतूवर पायी जाता येत नाही. खालच्या जुन्या पुलाने पणजीत उतरायचं. इथे भाजी-पाव खाऊन घ्यावा, कारण पुढे रायबंदरचा बांध आहे. १६३०च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, सरळसोट, बाजूला मिठागरं. अख्ख्या वाटेत सर्वांत जास्त लोक इथेच खचतात. चढ नाही, वळण नाही. समोरचं टोक दिसतं आणि जवळ येत नाही. नजर दहा पावलांवर ठेवावी आणि माळ मोठ्याने म्हणावी. दुपारी दोनला हा बांध धरू नये. चारनंतर खाडीचा वारा असतो.

रायबंदर संपलं की जुने गोवे आलंच. बॅसिलिकेत गुडघ्यांवरचे किंवा बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, म्हणून चादरीबरोबर एक पूर्ण बाह्यांचा सदरा राखून ठेवावा. झेवियरच्या शवाचं प्रदर्शन साधारण दहा वर्षांनी असतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. एरवी शवाची चांदीची पेटी फ्लॉरेन्सहून आलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर उंच असते, खालून मान वर करून बघायची. जवळून दर्शन होईल या आशेने आलेल्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

रांगेत उभं राहण्यापूर्वी पाणी प्यावं आणि काहीतरी खावं. लोक ७० किलोमीटर चालून येतात आणि रांगेत भोवळ येऊन पडतात, कारण पोचलो म्हणून पिणं थांबवलेलं असतं. आणि बसू नये. बसलेला माणूस पुन्हा उठत नाही. १३४वं स्तोत्र रांगेसाठी राखून ठेवलेलं असतं. तीनच ओव्या आहेत, परमेश्वराच्या घरात रात्री उभे राहणाऱ्यांसाठी.