तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं अंगावर चढवूनही लागण होते कशी?

‘आमची मुलगी सिस्टर आहे. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असते, तरी तिला कोरोना झालाच. कसा?’ हा प्रश्न २०२० पासून आम्हाला, म्हणजे संसर्ग नियंत्रणाचं काम करणाऱ्यांना, सतत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एकच शंका असते, की मुलीकडून काही हयगय झाली का. बहुतेक वेळा तिची चूक नसते.

कोविड वॉर्डात खाटेजवळ उभं असताना प्रत्येकजण सावध असतो. लागण होते ती सावधपण सुटतं तिथे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतली काही खासगी रुग्णालयं कर्मचारीच बाधित झाल्यामुळे सील करावी लागली होती. हृदयविकारासाठी, डायलिसिससाठी, बाळंतपणासाठी आलेल्या, तपासणी न झालेल्या रुग्णाजवळ साधा सर्जिकल मास्क लावून माणसं वावरतात आणि तिथे विषाणू सहज गाठतो.

आता मास्क. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवणारा मास्क. पण हा हिशेब कापडातून गेलेल्या हवेचा आहे, कडेच्या फटीतून शिरलेल्या हवेचा नाही. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानाखालून मानेवर, आणि दोन्ही एकमेकांवरून जाता कामा नयेत. अंबाडा घातलेल्या सिस्टरचा वरचा पट्टा हमखास घसरतो, म्हणून अंबाडा खाली, मानेपाशी बांधावा. नाकावरची पत्ती एका हाताच्या चिमटीत दाबली तर मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून कडेकडे दाबत न्यायची. मग दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे हवा लागली किंवा चष्म्यावर वाफ आली तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. श्वास सोडायची झडप असलेल्या मास्कमधून आतली हवा न गाळता बाहेर जाते, म्हणून रुग्णालयात तो नको.

टंचाईत एकच मास्क पुन्हा पुन्हा वापरावा लागला, आपल्यासारख्या बऱ्याच देशांत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनेही साधारण पाच वेळांपेक्षा जास्त चढवू नये असं सांगितलं होतं, कारण पट्टे सैल पडतात. पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला, आणि पाळीपाळीने वापर, ही पद्धत त्यातल्या त्यात बरी. प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईच्या दमट हवेत मास्क वाळतच नाही. आणि घरी नेऊन साबणाने धुतला किंवा स्पिरिट लावलं, तर कण धरून ठेवणारा त्याचा विद्युतभार जातो. दिसायला मास्क तसाच राहतो, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

अंगभर घातलेला संरक्षक (पीपीई) सूट काढण्याची वेळ मला सगळ्यात जोखमीची वाटते. सहा तास पाणी नाही, लघवीला जाता आलेलं नाही, आत घामाची आंघोळ. अशा वेळी माणूस ओढून काढतो. क्रम रुग्णालयागणिक थोडा बदलतो, पण काही गोष्टी पक्क्या आहेत: आधी बाहेरचे हातमोजे, मग सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळत खाली, मग गॉगल मागच्या पट्ट्याने धरून, मास्क अगदी शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, आधी खालचा पट्टा आणि मग वरचा, पुढच्या भागाला हात न लावता. दर पायरीला हात निर्जंतुक करायचे: सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०. समोर आरसा आणि शेजारी बघणारा दुसरा माणूस हवाच. थकलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही.

त्यानंतर येतो डबा. चौघी-पाचजणी छोट्या, एसी लावलेल्या खोलीत मास्क काढून जेवतात, गप्पा मारतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. परळच्या केईएमसारख्या जुन्या दगडी इमारतींत उंच छत आणि समोरासमोर खिडक्या आहेत, तिथे वारा खेळतो; पण पावसाळ्यात झड आत येते म्हणून त्या बंद होतात, आणि नेमके तेव्हाच वॉर्ड भरलेले असतात.

हवेचा हिशेब अवघड नाही. रुग्णाची पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच खोली म्हणजे ६० घनमीटर. तासाला बारा वेळा हवा बदलायची तर पंख्याने तासाला ७२० घनमीटर हवा बाहेर फेकली पाहिजे. एवढ्यावर हवेतले ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात, सहा वेळा बदलली तर ४६. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना किंवा सक्शनने घशातला स्राव ओढून काढताना कण हवेत उडतात; ते झाल्यावर लगेच लादी पुसायला कुणाला आत पाठवू नये ते यासाठी. हवा कुठे जाते ते बघायला दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. व्हरांड्याकडे आला तर पंखा उलटा किंवा कमजोर आहे.

लादी पुसणारी मावशी या साखळीत सगळ्यात दुर्लक्षित. तिला पाच टक्क्यांचं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण, मिळतं. एक टक्का करायला २०० मिलिलिटरमध्ये ८०० पाणी, रोज ताजं, आणि पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. संडासाच्या ॲसिडमध्ये ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. हे तिला तिच्या भाषेत, करून दाखवून सांगावं लागतं. भिंतीवरचा इंग्रजी तक्ता पुरत नाही. कंत्राटी मावशी, वॉर्डबॉय मामा यांचा ताप आल्यावर दिवसाचा पगार कापला जात असेल तर ते गोळी घेऊन कामावर येतील. माझ्या मते पगारी रजा हे मास्काइतकंच संसर्ग नियंत्रणाचं साधन आहे, आणि ते सगळ्यात उशिरा दिलं जातं.

तेव्हा मुलगी ड्युटीवरून आली की, सगळं नीट घातलं होतंस ना, असं नका विचारू. मास्क चेहऱ्याला बसतो का, सूट काढताना शेजारी कुणी असतं का, आणि डबा कुठे बसून खाल्ला, हे विचारा.