भिंतींनी पोट काढलं, आता धाब्याचं घर

नाताळसाठी जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या बिस्किटांचं, घर बांधतोय. मागच्या नोंदीच्या शेवटी ‘पुढच्या वेळी छत’ असं लिहिलं होतं. छत नाही. भिंती आहेत, आणि त्यातल्या दोघींनी, समोरचीने आणि डावीकडचीने, पोट काढलंय. संध्याकाळी गुण्यात, बरोबर काटकोनात, उभं केलेलं घर सकाळी कमरेतून वाकलेलं. छताचे उतार अजून चढवले नव्हते म्हणून वाचलो, नाहीतर आज ढिगाऱ्याचा फोटो टाकावा लागला असता. आई चहा ठेवायला आली, चष्मा वर सरकवून तिने बघितलं आणि म्हणाली, “हाई भीत ते पोट काढी ऱ्हायनी रे भाऊ.” तिचं माहेर अमळनेरकडचं. कौतुक असो की शोकसभा, अहिराणीतच होते.

पीठ नेहमीचंच होतं: मैदा, बटर, काकवी, सुंठ, दालचिनी, लवंग, किंचित जायफळ. सोडा नाही, अमोनियाही नाही. (नानकटाईवाले वापरतात तो अमोनिया बांधकामाला नकोच. भिंत फुलते, कडा पसरतात आणि तासभर स्वयंपाकघरात कोणी पाय ठेवत नाही.) लाटण्याच्या दोन्ही बाजूंना ५ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, १७० अंश, कडा तांबूस होईपर्यंत. ओटीजीतून (घरगुती विजेच्या भट्टीतून) काढून गार झाल्यावर नखाने वाजवली तर भिंत खणखणीत वाजायची. तीच सकाळी कोपऱ्याला धरून उचलली की झुकायची.

पहिला संशय हवेवर. पण डिसेंबरात जळगावची हवा? ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, वाळत घातलेले कपडे जेवण होईस्तोवर कडक होतात. दमटपणाचं रडगाणं मुंबईकरांनी गावं, आपण नाही, असं मी इतके दिवस मिरवत होतो. तरी एक स्वस्तातला हायग्रोमीटर आणून ओट्यावर ठेवला. दुपारी तीनला आर्द्रता ३४ टक्के. पहाटे सहाला ७१! पाणी हवेत होतं तितकंच असतं, पण रात्री पारा उतरला की गार हवेला ते पेलत नाही आणि टक्का चढतो. दिवसभर कोरडी राहिलेली भिंत रात्रभर पाणी पीत बसते.

इथे परदेशी कृतींमधली एक न लिहिलेली गोष्ट लक्षात आली. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये १९९१ पासून दर नाताळाला जिंजरब्रेडचं अख्खं शहर मांडतात, शाळा आणि बालवाड्यांतली मुलंसुद्धा घरं करून देतात. आणि बर्गन म्हणजे युरोपातल्या सगळ्यात पावसाळी शहरांपैकी एक. तिथली घरं उभी राहतात आणि माझं नाही? फरक हीटरचा. त्यांच्याकडे थंडीत खोल्या तापवलेल्या असतात, आणि बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता पार खाली येते. म्हणजे त्यांच्या कृतीत एक वाळवणयंत्र फुकट आहे. आपल्याकडे खिडकी उघडी, आतबाहेर एकच हवा.

आता रात्र तर बदलता येत नाही. मग पाणी ओढतंय कोण? काकवी. काकवीत आणि गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी धरण्यात सगळ्यात पटाईत. मधाचंही तेच. जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या लेबकुखेनमध्ये, म्हणजे तिथल्या खायच्या जिंजरब्रेडमध्ये, मध घालतात, त्याने ते मऊ राहतं. खायचं जिंजरब्रेड वेगळं आणि बांधायचं वेगळं, हे सगळे म्हणतात, पण कृती देताना मात्र दोन्हीला काकवी सांगतात.

नुसतं म्हणून भागत नाही, म्हणून पट्टी-चाचणी केली. १५ सेमी लांब, ३ सेमी रुंद पट्ट्या, एकाच दिवशी भाजलेल्या. दोन डब्यांमध्ये १२ सेमी अंतर, त्यावर पट्टी आडवी, मधोमध तराजूचं १०० ग्रॅमचं वजन, रात्रभर ओट्यावर. सकाळी काकवीची पट्टी मध्यभागी ९ मिमी खाली आलेली. गुळाची ६. पिठीसाखरेची इतकी सरळ की पट्टीखालून फूटपट्टी सरकवून उजेडाकडे धरावं लागलं. शंकाच मिटली असं वाटलं आणि त्याच आनंदात साखरेच्या पिठाच्या भिंती भाजल्या, आयसिंगने (पिठीसाखरेच्या लेपाने) विटा रंगवल्या, कोपरे जोडले.

त्यांनीही पोट काढलं! काकवीच्या निम्म्याने, पण काढलं.

हे मात्र डोकं फिरवणारं होतं. त्याच पिठाची एक जादा भिंत, न सजवलेली, शेल्फवर सरळ उभी. सजवलेली वाकडी. मग पुन्हा पट्ट्या: एक कोरी, एकीवर फक्त घट्ट आयसिंगच्या रेघा, एकीवर पातळ आयसिंगचा पूर ओतलेला. कोरी सरळ, रेघांची जवळपास सरळ, पुराची ४ मिमी खाली. म्हणजे चोर हवेत एक होता आणि आयसिंगच्या पिशवीत दुसरा. पातळ आयसिंग वरून वाळतं, कवच धरतं, आणि आतलं पाणी मग खाली बिस्किटात उतरतं. पंख्याखाली वाळवलं की वरचं कवच अजून लवकर धरतं, आतलं तसंच.

सध्याची पद्धत अशी. भिंती एकदा भाजून पूर्ण गार करायच्या, मग १३० अंशांवर पुन्हा अर्धा तास, जाळीवर. सजावट आडव्या भिंतीवर, फक्त घट्ट आयसिंगने. पूर बंद. मागच्या बाजूला व्हाइट कंपाउंड चॉकलेटचा पातळ हात, ब्रशने. चॉकलेटमध्ये पाणी नाही, शिवाय रात्रीच्या हवेला एक बाजू बंद होते. सजवलेल्या भिंती दुपारी गच्चीवर, पापड-कुरडयांच्या जागी, वर मलमलचं फडकं. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, कारण आमच्या गच्चीवरच्या मुंग्यांना बांधकाम विभागापेक्षा जास्त लवकर खबर लागते. ऊन उतरायच्या आत भिंती घट्ट झाकणाच्या डब्यात.

काकवी गेली तर रंग गेला, ही तक्रार उरली. साखरेचं पीठ भाजून मारी बिस्किटासारखं फिकट दिसतं. थोडी साखर जाळून कॅरॅमल केलं, गरम पाण्याने सैल करून पिठात घातलं. (पाकात लिंबू पिळायची सवय असेल तर इथे हात आवरा. आंबटाने साखर फुटून तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतं.) कॅरॅमलही पाणी ओढतंच, म्हणून रंगापुरतंच, आणि तेवढ्याने रंग पुरत नव्हता. मग नंदुरबारकडून आलेलं नागलीचं (नाचणीचं) पीठ डोळ्यांसमोर आलं. मैदा ३०० ग्रॅम, नागली ७५, पिठीसाखर १३०, बटर ९०, कॅरॅमलचं पाणी लागेल तसं. काय रंग आलाय म्हणून सांगू! शेणामातीने सारवलेल्या भिंतीचा. नागलीला चिकटपणा नसल्यामुळे भाजताना भिंत आक्रसतही नाही, खिडकीची भोकं कापली तशीच राहतात. जास्त घातली तर मात्र कडा भुगा होऊन पडतात. पाचवा हिस्सा ठीक.

सुंठ कोणती घ्यावी असं विचारलं होतं काहींनी. दाणा बाजारातून अख्खी घ्या, मळकट तपकिरी दिसणारी. पांढरीशुभ्र दिसते तिला चुना लावलेला असतो. आणि घरीच कुटा. तयार सुंठपूड आणली ती एका पाकिटात भुशासारखी निघाली, दुकान कोणतं ते सांगत नाही. ओलं आलं बांधकामात नको, तेही पाणीच.

बिनअंड्याच्या आयसिंगचा प्रश्न यावेळी सुटला, तो दोन ओळींत उरकतो. काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट करा, फ्रिजमध्ये गार करा, चिमूट क्रीम ऑफ टार्टर घालून फेटा, मग पिठीसाखर. २०१४ साली जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने हे पाणी फेसाळतं हे दाखवून दिलं, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्टने त्याला अक्वाफाबा नाव दिलं. आमच्याकडे त्याच दिवशी छोले होतात, त्यामुळे तक्रार नाही. मीठ न घालता शिजवा म्हणजे झालं.

खिडक्या! संत्रागोळ्या बत्त्याने फोडून भोकात भरल्या, सिलिकॉनच्या मॅटवर पाच मिनिटं ओटीजीत. आतून पिवळा एलईडी लावल्यावर त्या काचा बघत मी बराच वेळ खुर्ची सोडली नाही. बटरपेपरवर करू नका, मागून सुरकुत्या उठतात. त्या काचाही रात्री चिकट होतात, म्हणून त्या शेवटी बसवणार.

आता छत. ४५ अंशांचे दोन उतार, घसरू नयेत म्हणून टाचण्या, डब्यांचे टेकू, तासन्‌तास धरून बसणं. हे सगळं लिहून, कागदी नमुनेही कापून तयार होते. परवा आई त्या नमुन्यांकडे बघून म्हणाली, हे कौलारू कोणाचं रे? आपल्याकडे कुठे असतं असं? धाबानं घर कर ना.

लख्ख प्रकाश पडला. धाब्याचं घर! जाड मातीच्या भिंती, वर आडव्या लाकडी तुळया, त्यावर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा थर. उतार नाही म्हणजे घसरणं नाही. बर्फ पडत नाही तिथे बर्फासाठी उतरतं छत हवंच कशाला? खिडक्या लहान आणि थोड्या, म्हणजे भिंतीला भोकं कमी. समोर ओटा, एका बाजूला पन्हाळ. नागलीचा सारवल्या भिंतीचा रंग तर आधीच हातात आहे. उतारांचे नमुने रद्द.

पहिल्या उत्साहात पांढऱ्या मातीसाठी आयसिंगचा जाड थर ठरवला होता. हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की तो म्हणजे पुन्हा तोच पूर, तोही सगळ्यात लांब आडव्या तुकड्यावर. त्यापेक्षा कोरडं खोबरं बारीक किसून दूधपावडरमध्ये मिसळायचं, खाली कंपाउंडचा पातळ हात, त्यावर भुरभुरायचं. पाण्याचा थेंब नाही.

उरला झोक. २२ सेमीचं सपाट छत मधोमध वाकणार, हे पट्ट्यांनी आधीच सांगून ठेवलंय. याचं उत्तरही जुन्या घरात आहे: तुळया. दीड सेमी रुंद पट्ट्यांच्या जोड्या कंपाउंडने चिकटवून उभ्या कडेवर बसवायच्या, दर ४ सेमीला एक, टोकं भिंतीच्या बाहेर थोडी काढून. त्याच बिस्किटाची पट्टी आडवी वाकते, उभी वाकत नाही. भिंतींच्या वरच्या कडेला त्यासाठी खाचा लागतील, त्या भाजून काढल्याबरोबर, गरम असतानाच कापायच्या. गार झाल्यावर सुरी लावली की तडा गेलाच म्हणून समजा. म्हणजे भिंती पुन्हा भाजणं आलं. चालेल, तशाही मला त्या आता ६ मिमी जाड हव्यात. मातीची भिंत आहे, किडकिडीत शोभणार नाही.

तुळयांची पहिली घाणी आत्ता दुसऱ्या भाजणीला १३० वर आहे. ओटीजीची मागची डावी बाजू जास्त तापते, त्यामुळे दर दहा मिनिटांनी ट्रे फिरवायला उठतोय. कोणी नागलीऐवजी बाजरी किंवा दादर ज्वारीचं पीठ घालून पाहिलं असेल तर पट्टी रात्रभरात किती वाकली ते मिलिमीटरमध्ये कळवा. ‘मस्त कुरकुरीत झाली’ हे उत्तर धरलं जाणार नाही.