बाळाच्या कमरेवरचा हात

दादरला आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडलांनी सुरू केलेला, आता तिथे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि जुने फोटो दुरुस्त करून देणं एवढंच चालतं. दुरुस्तीचं काम माझं. वडील निगेटिव्हवर पेन्सिलीने रीटच करायचे, भिंग डोळ्याला लावून, मी माऊसने करते, पण कंबर दोघांचीही सारखीच दुखते.

मागच्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच सुरू झालेला, सकाळी दुकान उघडतेय तोच एक गृहस्थ आले, पंचेचाळिशीचे असतील, प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, त्यात वर्तमानपत्र आणि त्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो. लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, आता पझेशन मिळालंय, वास्तुशांतीआधी हॉलमध्ये आजोबांचा लहानपणीचा फोटो मोठा करून लावायचाय, वीस बाय तीस.

फोटो छान होता हो. गिरगावातल्या कुठल्यातरी स्टुडिओत काढलेला, मागे खांब रंगवलेला पडदा, खाली गालिचा. मधे खुर्चीत पगडीवाले गृहस्थ, शेजारी नऊवारीतल्या बाई, बाईंच्या बाजूला मखमली टोपी घातलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा ऐटीत बसलेला, आणि पुढे स्टुलावर झबलं घातलेलं बाळ. आणि अगदी डाव्या कडेला, अर्धा खांबामागे, एक अनवाणी पोरगा. अर्धी चड्डी, वर कुणाचातरी मोठा कोट, बाह्या दुमडलेल्या. काळ्या भागावर जुन्या प्रिंटला येते तशी चंदेरी झाक आलेली, स्कॅनरमध्ये ती पांढरी मारते आणि मग अर्धा तास तिच्यातच जातो.

"हा टोपीवाला म्हणजे आमचे आजोबा," ते म्हणाले. "लहानपणी मामांकडे असायचे गिरगावात, मामा वकील होते, मोठं प्रस्थ. आणि हा कडेचा गडी आहे ना, हा काढून टाका. मागे लिहिलंय बघा."

मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "1938, रामासह".

मी काही विचार केला नाही. कारण माझाही अंदाज तोच होता. वीस वर्षं हे काम केल्यावर फोटोतला नोकर मला दाखवावा लागत नाही, असं मला वाटायचं. पायात काही नसतं, उभा असतो, कडेला असतो, फोकस खुर्चीवर धरलेला असतो म्हणून तो जरा मऊ येतो. आणि "रामा" हे तर मुंबईत नाव नव्हतंच, हुद्दा होता. कोकणातून आलेला कुठलाही घरगडी रामा, गुजराती आणि पारशी घरांत तर हमखास. हिंदी सिनेमात जाऊन त्याचा रामूकाका झाला, खांद्यावर फडकं आलं, केस पांढरे झाले, एवढाच फरक.

लोक असं काढायला सांगतात, नवीन नाही. गडी, माळी, कडेची आलवणातली विधवा आत्या, एकदा तर घटस्फोट झालेली सून. मी काढते. कामच आहे.

तर हा पोरगा काढायला घेतला. खांब सरळ होता, गालिच्याची नक्षी दुसऱ्या बाजूने उचलून बसवली, तासाभरात पोरगा गेला. राहिला हात. झूम केल्यावर कळलं की त्याचा उजवा हात खांबामागून पुढे आलाय आणि स्टुलावरच्या बाळाच्या कमरेला धरलंय, चार बोटं स्पष्ट दिसतायत झबल्यावर. माणूस काढला आणि हात ठेवला तर भुताटकी, हात काढला तर बाळ एका बाजूला कलंडल्यासारखं दिसतं, कारण ते खरंच त्या हातावर रेललेलं होतं.

ही भानगड जुनी आहे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडात एक्स्पोजर लांब लागायचं, बाळ हलू नये म्हणून त्याला धरून बसणाऱ्या बाईवर चक्क चादर टाकायचे, ती खुर्चीच आहे असं भासवून. कधी आई असायची, कधी दाई. आपल्याकडच्या साहेबी घरांच्या फोटोत आया निदान उघड्यावर दिसते, मांडीवर गोरं पोर, पण खाली नावं लिहिलेली असतात त्यात पोराचं पूर्ण नाव आणि हिचं नुसतं आया. अशा बायका पोरं सांभाळत बोटीने लंडनपर्यंत जायच्या आणि काहींना तिथे परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलं जायचं, त्यांच्यासाठी हॅकनीत एक घर होतं, त्या घरावर 2022 मध्ये, लंडनमध्ये ऐतिहासिक घरांना लावतात तशी निळी पाटी लागली. पाटीचा फोटो मी सेव्ह करून ठेवलाय, का ते सांगता येणार नाही.

असो. मी झबल्याची एक चुणी उचलून त्या बोटांवर आणली, सावली दिली, बाळाला दोन अंश सरळ केलं. खोटं नाही सांगत, काम इतकं बेमालूम झालं की मीच खूश होऊन वडलांना फोनवर पाठवलं, त्यांनी अंगठा पाठवला.

संध्याकाळी ते गृहस्थ आले ते आजीला घेऊनच. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दादरलाच डॉक्टर, काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. म्हणे आता दिसायला लागलंय तर दाखवू. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. आजी बराच वेळ बघत राहिल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आमचे हे खंय?"

नातू म्हणाला, आजी हे काय, टोपीवाले.

"तो न्हय. तो त्येंचो झील." म्हणजे पगडीवाल्यांचा मुलगा. मग डाव्या कडेला, जिथे मी खांब बसवला होता तिथे बोट ठेवलं त्यांनी, स्क्रीनवरच, अजून ठसा पुसलेला नाही मी. "हय उभे होते. कित्याक काढलंस गो त्येंका?"

मला काय बोलावं कळेना. नातू आधी हसला, मग मागचं लिहिलेलं दाखवायला लागला, अगं रामा लिहिलंय, आजोबांचं नाव काय रामा होतं का. त्यावर आजी जे बोलल्या ते तुकड्यातुकड्यात आलं, मधे डोळ्यातलं पाणी पुसत, ते ऑपरेशनचं की कशाचं मला माहीत नाही.

देवगडकडचे. अकराव्या वर्षी बोटीने मुंबईत आणून सोडलं, गावचाच एक जण घेऊन आला, आधी गावकऱ्यांच्या खोलीत आठ दिवस आणि मग वकिलांच्या घरी. आधीचा रामा पळून गेला होता म्हणून हे रामा. पाणी भरायचं, भांडी, बाळाला खेळवायचं, रात्री पॅसेजमध्ये झोपायचं. पगार हातात नाही, गावी बापाला मनीऑर्डर. "मामा" म्हणायला तिथल्या बाईंनीच शिकवलं होतं, वकिलांना मामा आणि त्यांना वहिनी, हे नातं कसं बसतं ते विचारू नका. पुढे गिरणीत लागले तेव्हा त्याच वहिनींनी हा फोटो दिला. आजोबांनी पोरांना सांगताना "मामांकडे होतो" एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. गिरणीचं मात्र सगळं सांगायचे, साचा कसा चालतो, 82 च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि घरी बसले ते बसलेच, ते सगळं नातवाला पाठ होतं. पॅसेज कुणालाच माहीत नव्हता.

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाल्या, लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात हे पहाटे उठून भांडी घासायला बसले, सवयीने, सासूने बघितलं आणि माझ्यावर ओरडली. मग एक वाक्य बोलल्या ते मी तसंच्या तसं लिहिते. "जनीक दळूक विठोबा तरी इलो. ह्येंका कोण इलो?"

आपण सगळे जनाबाईचे अभंग ऐकत मोठे झालो, नामयाची दासी म्हणताना ती कुणाच्यातरी घरात दळण-कांडण करणारी बाई होती हे माझ्या डोक्यात कधी नोकर या शब्दाने आलंच नाही. मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शर्विलक घर फोडतो ते मदनिकेला दासीपणातून सोडवायचे पैसे हवेत म्हणून, म्हणजे त्या दागिन्यांचा पुढचा सगळा घोळ एका दासीच्या किमतीवरून सुरू होतो, आणि आपल्याला लक्षात राहते ती नायिका वसंतसेना. शाळेत असताना ऐंशी दिवसांत जगाची सफर वाचलेलं, त्यात मालक मुंबईत उतरतो, पासपोर्टवर शिक्का मारून घेतो आणि स्टेशनात जेवायला बसतो, मुंबई बघतो तो त्याचा नोकर पासपार्तू, मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन येतो. आमच्या मराठी नाटकांत पडदा उघडला की गडी फर्निचर पुसत असायचा, फोन वाजायचा, तो काहीतरी चुकीचं ऐकायचा, लोक हसायचे आणि मग खरी माणसं यायची. हे सगळं मला त्या रात्री घरी जाताना आठवलं, दुकानात तेव्हा फक्त घाम फुटला होता.

आणखी एक डोक्यात आलं. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे दासी, विकल्या-घेतल्या जायच्या त्याची कागदपत्रं आहेत. 1843 च्या कायद्याने कोर्टांनी असली मालकी मानणं बंद केलं. मग हा मनीऑर्डरवाला पोरगा कुठल्या कागदावर? मुंबईत घरकाम करणाऱ्यांची मंडळाकडे नोंद वगैरे 2008 च्या कायद्याने आली, तोवर याचा मुलगा रिटायर व्हायला आलेला. याचा कागद म्हणजे या फोटोची मागची बाजू, आणि त्यावर पण नाव आधी पळालेल्याचं.

तर दुकानात. मी मूळ स्कॅनची लेयर चालू केली, पोरगा परत आला. आजी म्हणाल्या "ह्येच". नातू गप्प होता. मग एकदम त्याने विचारलं, "मग बाकीचे काढता येतील का?"

राग आला मला आधी, मग वाटलं सकाळी हाच प्रश्न उलटा विचारला होता तेव्हा मी लगेच रेट सांगितला होता, त्यामुळे आता मोठी बाई बनून काही बोलायचा अधिकार मला नाही. येतील म्हटलं. वकील गेले, वहिनी गेल्या, मखमली टोपी गेली. पण एकट्याला मोठं केल्यावर चेहरा फुटायला लागला, मूळ प्रिंटवर तो जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा, त्यात हललेला. बाकी सगळे कॅमेऱ्यात बघत होते, हा बाळाकडे बघत होता, ते चुळबुळ करत असणार आणि याची मान त्याच्याबरोबर हलली असणार. वीस बाय तीस अशक्य, आठ बाय दहा फार तर, तेही दाणेदार येईल, असं मी स्पष्ट सांगितलं. शार्प करायचं सॉफ्टवेअर आहे, ते नवीन डोळे बनवून देतं, छान बनवून देतं, पण ते डोळे आजोबांचे नसतात. आजीने नको म्हटलं.

आणि पुन्हा तो हात. बाळ काढलं तर हात हवेत, काहीतरी धरल्यासारखा. मी म्हटलं हात खाली सोडलेला रंगवून देते, खिशात घालते. आजी हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदाच. म्हणाल्या त्या चड्डीक खिसो खंय हा.

मग बाळाचं झबलं तेवढं ठेवलं, कमरेजवळचं, खाली स्टुलाचा एक कोपरा. कुणाचं पोर ते, आता नव्वदीच्या जवळ असेल, असलं तर. पैसे मी अर्धे घेतले, नातू पूर्ण देत होता, त्यावरून थोडं झालं, शेवटी आजीने पिशवीतून पाचशेची नोट काढून काचेखाली सरकवली आणि विषय संपवला. जाताना तो दारात थांबला आणि विचारलं की मूळचा सगळ्यांसकट फोटो पण एक काढाल का, छोटा, हॉलमध्ये नाही लावणार, आत ठेवेन. तो मी दुसऱ्या दिवशी दिला, मागचं "रामासह" सुद्धा स्कॅन करून.

परवा माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो बघत होते, आमच्या सरूमावशी बारा वर्षं आमच्याकडे आहेत, सगळे मिळून केकभोवती उभे, एकाही फोटोत त्या नाहीत. फोटो त्यांनीच काढलेले. एकात फक्त कोपऱ्यात लेन्सवर आलेलं त्यांचं बोट आहे, तो मी डिलीट करणार होते.