निरोप एप्रिलमध्ये, निकाल जुलैमध्ये

मुंबईतल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि पावसाच्या तोंडावर संपतं. बारावीचं मात्र त्याआधीच आटोपतं. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या डिप्लोमाच्या मे सत्राच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे बारावीचा निरोप समारंभ एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा लागतो. निकाल येतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ज्या दिवशी मुलांचं कौतुक करायचं, त्या दिवशी कोणाच्याही हातात अंतिम गुण नसतात. तरीही समारंभ गुणांभोवतीच रचला जातो. अंदाजित गुणांवरून 'टॉपर' जाहीर होतात, पडद्यावर विद्यापीठांची नावं सरकतात, आणि मग जुलैत काही घरांत फार अवघड शांतता पसरते.

आयबीचे गुण 45 पैकी असतात. सहा विषयांना प्रत्येकी 7, म्हणजे 42, आणि विस्तृत निबंध (एक्स्टेंडेड एसे) व ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) यांचे मिळून 3. डिप्लोमा मिळायला किमान 24 गुण लागतात, त्याशिवाय इतर अटी आहेतच. अंदाजित गुण हा शिक्षकांचा अंदाज आहे, निकाल नव्हे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे प्रवेश एप्रिलमध्ये बहुधा सशर्त असतात: इतके गुण मिळाले तर जागा तुमची. भारतातच शिकणाऱ्या मुलांच्या अनेक प्रवेश परीक्षा तर अजून व्हायच्या असतात. त्यामुळे समारंभाच्या पडद्यावर विद्यापीठांची यादी लावूच नये. प्रवेश नक्की झाल्यावर, ऑगस्टमध्ये, मुलांना विचारून ती शाळेच्या भिंतीवर लावता येते.

मग समारंभात कौतुक कशाचं करायचं? त्या मुलाने दोन वर्षांत जे केलं आणि कोणीतरी डोळ्यांनी पाहिलं, त्याचं. प्रत्येक मुलासाठी तीस-पस्तीस शब्द लिहायचे आणि ते मंचावरून वाचायचे. हे काम वाटतं त्यापेक्षा मोठं आहे आणि सगळ्या समारंभाचा जीव त्यातच आहे.

'मेहनती, मनमिळाऊ आणि सदैव हसतमुख' हे वाक्य कोणालाही चालतं, म्हणून कोणाचंच नसतं. आयबीच्या विद्यार्थी गुणविशेषांच्या यादीतले दहा शब्द मुलांना वाटून टाकले तरी तेच होतं: एकाला 'संतुलित', दुसरीला 'जिज्ञासू', आणि खाली बसलेल्या आईवडिलांना कळतच नाही की नेमकं कशावरून. त्याऐवजी असं वाक्य हवं: 'टायट्रेशनचं उत्तर तीनदा चुकलं, तेव्हा चौथ्यांदा तिने ब्युरेट बदलून पाहिली, आणि चूक तिथेच निघाली.' किंवा 'दोन वर्षं दर शनिवारी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेला आणि किती किलो कचरा निघाला याची वही ठेवली.' विशेषण एकही नाही, पण मूल समोर उभं राहतं.

अशी वाक्यं मिळवायची तर माहिती फेब्रुवारीअखेर गोळा झाली पाहिजे. मार्चमध्ये शिक्षक अंतर्गत मूल्यमापनात गळ्यापर्यंत बुडालेले असतात आणि मग घाईत तेच हसतमुख वाक्य येतं. प्रत्येक मुलासाठी तिघांना विचारा: वर्गशिक्षक, खेळ किंवा सेवाउपक्रम बघणारी व्यक्ती, आणि एक वर्गमित्र. प्रश्न एकच ठेवा: 'याने केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगा.' 'याच्याबद्दल दोन शब्द लिहा' असं विचारलं की उत्तरात विशेषणंच येतात. लिहिण्याचं काम दोघांनीच करावं, म्हणजे सूर एक राहतो. तिसऱ्याने फक्त खटकणाऱ्या जागा शोधाव्यात: वजन, उंची, प्रेमप्रकरणं, आजारपण, घरातली भांडणं यांचा उल्लेख गमतीनेही नको. समारंभाच्या आदल्या दिवशी ज्याचं त्याला वाक्य दाखवावं. त्याने आश्चर्याची मजा जाते असं काही शिक्षक म्हणतात, पण चारशे माणसांसमोर अवघडून उभं राहण्यापेक्षा ते परवडलं.

बक्षिसांचा प्रश्न वेगळा आहे. विषयवार बक्षिसं मुख्य मंचावर ठेवली की साठांतली तीच चार मुलं सात-आठ वेळा वर येतात आणि उरलेली छप्पन्न टाळ्या वाजवत बसतात. विषयांची बक्षिसं आधीच्या आठवड्यातल्या परिपाठात देऊन टाकावीत. बाहेरच्या संस्थांचे सन्मान एका छापील पानावर द्यावेत आणि काय मिळालं ते नेमकं लिहावं. इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपलचं कांस्य आणि सुवर्ण यांत कित्येक महिन्यांच्या कष्टांचा फरक आहे, नुसतं 'पुरस्कारप्राप्त' लिहून तो पुसू नये. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेत जगात पहिलं येणं आणि देशात पहिलं येणं हेही दोन वेगळे सन्मान आहेत. ते साहजिकच आधीच्या परीक्षेचे असणार, तर परीक्षेचं वर्ष लिहायला विसरू नये.

आता नावं. मुंबईच्या अशा शाळेत एका वर्गात कोरियन, जपानी, फ्रेंच, तमिळ आणि मराठी नावं शेजारी शेजारी असतात. चुकीचं उच्चारलेलं नाव समारंभानंतर सगळ्यात जास्त दिवस लक्षात राहतं. आपल्याकडे देवनागरी आहे हा फार मोठा फायदा आहे. सूत्रसंचालकाच्या हातातल्या कार्डावर नाव देवनागरीत लिहा. स्पॅनिश नावात रोमन लिपीतला 'जे' दिसला तरी कार्डावर 'हुआन' लिहिलेलं असलं की चूक होत नाही. पण मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, तिथे खूण लागते: 'चहातला च' की 'चाकातला च', 'जेवणातला ज' की 'जागेतला ज'. कोरियन नावात आडनाव आधी येतं, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, आणि दाक्षिणात्य नावातलं आद्याक्षर वाचायचं की नाही हे ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक मुलाकडून त्याच्याच आवाजात नावाची पाच सेकंदांची व्हॉइस नोट घेणं. आईवडील उच्चारतात ते आणि मूल स्वतः सांगतं ते, यांत फरक निघाला तर मुलाचं धरावं.

ते कार्ड मुलानेच मंचावर न्यावं आणि सूत्रसंचालकाला द्यावं. यादी कितीही नीट केली तरी ऐन वेळी एखादं मूल येत नाही किंवा रांगेत मागेपुढे होतं, आणि तिथून पुढे प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव मिळत जातं. कार्ड मुलाच्या हातात असलं तर रांग चुकली तरी नाव चुकत नाही. त्याच कारणासाठी मंचावर द्यायची गुंडाळी कोरी ठेवावी आणि खरं प्रशस्तिपत्रक नंतर वर्गात, नाव तपासून द्यावं.

वेळेचा हिशोब कागदावर मांडा. पस्तीस शब्द नीट वाचायला 20 सेकंद. चालत येणं, हात मिळवणं, फोटो यांना आणखी 20. साठ मुलं म्हणजे 2400 सेकंद, बरोबर 40 मिनिटं. यात पाहुण्यांचं भाषण 8 मिनिटं, मुलांपैकी दोघांची भाषणं प्रत्येकी 4, एक गाणं, चित्रफीत आणि आभार धरले तर सव्वा तासात सगळं बसतं. त्यापुढे गेलं की मागच्या रांगेतले आजी-आजोबा चुळबुळायला लागतात. मुलं डावीकडून वर आणि उजवीकडून खाली, पाचजण कायम विंगेत तयार. फोटोची जागा जमिनीवर टेपने आखून ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोत पाहुण्यांची पाठ येते.

चित्रफितीत प्रत्येक मूल किमान दोनदा दिसलं पाहिजे, आणि हे मनाने ठरवू नका. एक्सेलमध्ये एका रकान्यात मुलांची नावं, शेजारी किती फोटोंत दिसतं ते. साठ मुलांचे प्रत्येकी दोन फोटो, दर फोटोला 4 सेकंद, म्हणजे 8 मिनिटं होतात. लांब वाटलं तर दोघा-तिघांचे एकत्र फोटो निवडा, मुलं गाळू नका. अकरावीत नव्याने आलेली मुलं नेहमी याच ठिकाणी गळतात, कारण जुने अल्बम त्यांच्याविना असतात. अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो बाहेर टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या. शाळेच्या कार्यक्रमात, शिक्षक-विद्यार्थी-पालकांपुरतं, मुलांनी गाणं सादर करायला कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. तेच यूट्यूबवर थेट प्रक्षेपित केलं की ही मुभा उपयोगी पडत नाही. आवाज बंद होतो किंवा प्रक्षेपणच थांबतं. परगावच्या नातेवाइकांसाठी प्रक्षेपण करायचंच असेल तर तेवढा भाग वगळावा.

सभागृहाबद्दल थोडंसं. शाळेच्या मैदानात ध्वनिक्षेपक लावणं दिसतं तितकं सोपं नाही, कारण शाळेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. शिवाय एप्रिलमधली मुंबईची संध्याकाळ झग्यात उभ्या असलेल्या मुलांसाठी बरी नव्हे. शाळेचं सभागृह लहान पडत असेल तर विलेपार्ल्याचं दीनानाथ, प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर, वरळीचं नेहरू सेंटर यांच्या तारखा फार आधी पाहाव्या लागतात. तारीख ठरवताना गुढीपाडवा, रामनवमी, महावीर जयंती, गुड फ्रायडे आणि 14 एप्रिल कॅलेंडरवर आधी खुणा करून घ्या. बिनतारी माईकच्या बॅटऱ्या कार्यक्रमाआधी नव्या घाला, आणि वायरचा एक माईक सूत्रसंचालकाशेजारी चालू ठेवा.

थर्माकोलच्या सजावटीवर आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तेव्हा कापड, कागद आणि फुलं. फुलं दादरच्या फुलबाजारातून पहाटे आणावीत. गुलाब या उकाड्यात दुपारपर्यंत माना टाकतात. निशिगंध आणि झेंडू टिकतात, आणि मोगऱ्याचा तर हाच हंगाम. ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. करंडक आणि पदकांसाठी धोबी तलाव, कागद आणि फायलींसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट. प्रशस्तिपत्रकाला 250 ते 300 जीएसएमचा कागद घ्या, त्याहून पातळ कागद पंख्याखाली वळतो. साठ मुलांना पाच कोरी जास्त छापून घ्या.

मंचावर मराठी ऐकू आली पाहिजे, आणि ती फक्त दीपप्रज्वलनापुरती नको. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी अनिवार्य आहे, मंडळ कोणतंही असो. परदेशातून आलेलं एखादं मूल तीन वर्षांत बसच्या ताईंशी मराठीत बोलायला लागलेलं असतं. ही खरी कमाई आहे आणि ती त्याच्या पस्तीस शब्दांत यायला हवी.

समारंभाच्या यादीत न बसणारे निरोपही असतात. आईवडिलांची बदली झाली म्हणून चौथीतलं मूल तीन आठवड्यांच्या सूचनेवर निघतं. त्याच्यासाठी मंच नको, वर्गातली वीस मिनिटं पुरतात: प्रत्येक मुलाचं एक पान, त्याची पातळ वही, आणि वर्गाचा एक फोटो. जाणाऱ्या मुलाइतकाच त्याचा बाकावरचा जोडीदार हलतो, त्याच्याशीही त्या आठवड्यात कोणीतरी बोललं पाहिजे. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. परदेशी मुलांना हे सांगितलं की ती आवडीने म्हणतात.

आणि मावशी, काका. निवृत्त होणाऱ्या मावशींचा सत्कार कर्मचाऱ्यांच्या खोलीत चहाबरोबर उरकू नये. त्याच मंचावर, त्याच पस्तीस शब्दांत व्हावा: कोणता मजला, किती वर्षं, पहिलीतल्या किती रडक्या मुलांना त्यांनी शांत केलं. शाल-श्रीफळ द्याच, पण ग्रॅच्युइटी आणि पीएफचे कागद समारंभाआधी त्यांच्या हातात पडलेले असावेत. मावशी कंत्राटदाराकडून आलेल्या असतील तर हा पाठपुरावा शाळेनेच करावा, कारण त्यांच्यासाठी तो दुसरं कोणी करत नाही.

शेवटचं काम कागदांचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ मुलं शाळेत असतानाच पासपोर्टशी ताडून घ्या. नंतर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीतली) नोंद बदलून घेणं फार किचकट होतं. परदेशात दाखला लागणार असेल तर बहुतेक देशांसाठी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), या क्रमाने जावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पालकांना एप्रिलमध्येच सांगा. कोणत्या विद्यापीठांना निकाल थेट पाठवायचा त्याची यादी आयबी समन्वयकाकडे परीक्षा संपायच्या आत द्यावी. निकाल पाहायला लागणारा वैयक्तिक कोड आणि पिन प्रत्येक मुलाला मिळाला याची सही घ्या.

निकालाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, आणि नेमकी तेव्हाच मुलांना माणूस लागतो. समन्वयक आणि समुपदेशक दोघं त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस फोनवर असावेत, त्यांचे नंबर निरोपाच्या पाकिटातच द्यावेत. गुण कमी आले तर फेरतपासणी मागता येते, पण तिच्यात गुण कमीही होऊ शकतात, म्हणून मुलाची लेखी संमती लागते. विद्यापीठाची अट एका गुणाने हुकली असेल तर आधी विद्यापीठाला फोन करावा, मग फेरतपासणीचा अर्ज. हा क्रम एका कागदावर छापून तोही त्याच पाकिटात, मोगऱ्याच्या फुलांशेजारी ठेवावा.