चांदणीचे कोपरे

साच्याने कापून करायच्या शुगर कुकीज पहिल्यांदा केल्या तेव्हा ओव्हनमध्ये 12 चांदण्या ठेवल्या होत्या. बाहेर आले ते 12 ढग. चव छान होती, पण आकार बघून हसूच आलं.

चुका नंतर एकेक लक्षात आल्या. लोणी-साखर मी केकसाठी फेटते तशी फेसून पार हलकी केली होती. केकला ती हवा लागते. इथे तीच ओव्हनमध्ये फुगते आणि कुकी पसरवते. त्यात भरीस भर चमचाभर बेकिंग पावडर. शिवाय कापलेल्या चांदण्या अर्धा तास ओट्यावर मऊ होत पडलेल्या. कुकी आतून घट्ट होण्याआधीच लोणी वितळलं, मग कोपरे राहतायत कसले!

दुसऱ्या खेपेला लोणी 200 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, मैदा 400 ग्रॅम, एक अंडं, थोडा व्हॅनिला, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडरला रजा. लोणी-साखर जेमतेम एकजीव होईपर्यंतच फेटली. गोळा दोन बटर पेपरांच्या मधे आधी लाटला आणि मग तासभर फ्रीजमध्ये ठेवला. उलट क्रमाने केलं तर दगडासारखा गोळा लाटताना मनगटं भरून येतात. जाडी 6 मिलिमीटर हवी होती, म्हणून दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या; लाटणं त्यांच्यावरून फिरतं, खाली दबत नाही. कापून झाल्यावर पुन्हा 15 मिनिटं फ्रीज. मग 180 अंशांवर 10 मिनिटं. कडेला किंचित सोनेरी झाक आली की बाहेर काढायच्या. मधे कच्च्या वाटतात, पण गार होताना कडक होतात. या वेळी पाचही कोपरे जागेवर!

खरे नाकी नऊ आणले ते आयसिंगने. पिठीसाखर, मेरिंग पावडर (म्हणजे मुख्यतः अंड्याच्या पांढऱ्याची सुकवलेली पूड) आणि पाणी, एवढंच तर असतं. कडेची रेघ ओढायला ते टूथपेस्टइतकं घट्ट लागतं आणि आत भरायला पातळ. मी पाणी चमच्याने घातलं आणि आयसिंग रेघ ओलांडून ताटात उतरलं. आता थेंबाथेंबाने घालते. सुरीने आयसिंगमध्ये रेघ मारायची. ती 15 सेकंदांच्या आसपास बुजली की भरायला घ्यायचं. बुडबुडे दिसले की लगेच टूथपिकने फोडायचे, साय धरल्यावर हात लावला तर खड्डा पडतो.

पांढरा थर वरून वाळलेला दिसला म्हणून त्याच संध्याकाळी त्यावर लाल ठिपके दिले. सकाळी प्रत्येक ठिपक्याभोवती गुलाबी डाग! आता पांढरा थर रात्रभर उघड्यावर वाळू देते, ठिपके दुसऱ्या दिवशी. लाल आयसिंगही आदल्या दिवशीच कालवून झाकून ठेवते. रात्रीत ते गडद होतं, त्यामुळे जेल रंग कमी लागतो आणि जिभेवर कडवटपणा येत नाही.